रिकामा वेळ वगळा

मिरजेत दोन गोष्टींना तोटा नाही, दवाखान्यांना आणि तंबोऱ्यांना. तस्नीमच्या वाट्याला दोन्ही आलं. सतारमेकर गल्लीत ती जन्मली, लाकडाच्या भुशात खेळून वाढली, आणि नोकरीला लागली ती स्टेशनकडच्या एका पुनर्वसन रुग्णालयात. तिथं तिचं काम होतं माणसांच्या हातांचे बॅकअप घेण्याचं. नात्यातल्या बायका विचारायच्या, म्हणजे नक्की काय करतेस गं, आणि ती सांगायला लागली की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जायच्या. तेव्हा आपण ते आधीच उरकून घेऊ.

आपण साधा पेला उचलतो तेव्हा मेंदूकडून हाताच्या स्नायूंना विजेचे बारीक इशारे जातात. ते इतके क्षीण असतात की आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो, पण कातडीला चिकटलेल्या संवेदकाला ते कळतात. असे चौसष्ट संवेदक विणलेली एक बाही निघाली होती, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत येणारी. ज्याला धोका आहे अशा माणसाने ती घालून तीनेक आठवडे आपली नेहमीची कामं करायची. कोणता स्नायू केव्हा आणि किती ताणला गेला, त्याची फाइल तयार होते. पुढे अर्धांगाचा झटका आला आणि मेंदूतला हात हलवणारा भाग गेला, तरी हातातले स्नायू धडधाकट असतात. त्यांना हुकूम पोचत नाही, एवढंच. मग तीच बाही उलटी चालवायची. माणसाने मनात आणून खांदा किंचित पुढे केला की बाही जुन्या फाइलीतले इशारे स्नायूंना देते आणि हात हलतो. हे हजारो वेळा झालं की मेंदू शेजारच्या शाबूत जागेतून नवी वाट काढतो, आणि सहाआठ महिन्यांत बाही काढून ठेवता येते. दुसऱ्याच्या हाताची फाइल मात्र चालत नाही. ज्याचा हात त्याचीच नोंद लागते, आणि ती झटक्याच्या आधी घेतलेली लागते.

बाकी सगळं यंत्र करायचं. माणसाच्या अकलेला जागा होती ती सेटिंग्जच्या पानावर. कोणते स्नायू घ्यायचे, नोंद किती वाजता उतरवून घ्यायची, जुन्या आवृत्त्या किती ठेवायच्या. प्रती तीन असायच्या, एक रुग्णालयात, एक पुण्याच्या साठवण केंद्रात आणि एक माणसाच्या घरी छोट्या डबीत. शिवाय जागा वाचवणारे दोन पर्याय होते. 'सारख्या हालचाली एकदाच ठेवा' हा एक आणि 'रिकामा वेळ वगळा' हा दुसरा. अकराशेच्या वर माणसांसाठी तस्नीमने हे पान भरलं होतं. ती ते डोळे झाकून भरते असं सहकारी म्हणायचे, पण ते खोटं होतं. ती नीट बघून भरायची, आणि नीट बघूनच चुकली, तेही स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत.

तिचे वडील इसाकमिस्त्री एकोणसत्तर वर्षांचे. घरात दोघंच राहत. अम्मीला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तस्नीमचं लग्न ठरून मोडलं होतं, ज्याचं खरं सांगायचं तर बापलेक दोघांनाही फारसं वाईट वाटलं नव्हतं. इसाकमिस्त्री तंबोरे बनवत नसत, तंबोऱ्यांची जवारी काढत. भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा दिसायला सपाट, पण त्याला केसाएवढा उतार असतो. तार त्या उताराला चाटून थरथरते, तेव्हा तो भरलेला, झणकारता नाद उठतो, ज्याच्या भरवशावर गाणारा गातो. कानसेने घासून तो उतार आणायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची, की जवारी निघाली. कानसेचा एक हात जास्त बसला तर घोडी वाया जाते. बेळगाव, धारवाड, पुण्याचे गवई आपले तंबोरे घेऊन गल्लीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत यायचे आणि मिस्त्रींच्या समोर चटईवर बसून राहायचे.

गणपतीनंतरच्या आठवड्यात मिस्त्रींच्या हातातून कानस पडली आणि दहा मिनिटं बोटं मिटेनात. अकराव्या मिनिटाला मिटली, म्हणून त्यांनी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. तीन दिवसांनी जेवताना, आमटी तिखट झालीय म्हणावं तितक्या सहज सांगितली. तस्नीमने घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टर निमकरांसमोर नेऊन बसवलं. निमकरबाई तिच्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी मेंदूचं चित्र बघितलं, गोळ्या दिल्या आणि तस्नीमला बाजूला घेऊन सांगितलं, मोठा झटका आज येईल की पाच वर्षांनी हे मी सांगू शकत नाही, तू नोंद घेऊन ठेव.

तेवीस दिवस बाही मिस्त्रींच्या हातावर होती. पहिले दोन दिवस तस्नीम रजा घेऊन कामाच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली, कारण सुरुवातीला यंत्राला शिकवावं लागतं. इशारे अगदी मंदावले की पडद्यावर प्रश्न यायचा, हा वेळ रिकामा आहे का. माणूस पेपर वाचत असतो, डुलकी काढत असतो, तेव्हा 'हो' दाबायचं. दहाबारा वेळा दाबलं की यंत्र आपलं आपण ओळखू लागतं.

मिस्त्री तार बाजूला सारायचे, कानसेचे दोनतीन हात द्यायचे, तार परत घोडीवर आणायचे, डाव्या हाताने छेडायचे. मग उजव्या हाताचं मधलं बोट घोडीच्या कडेला टेकवून गप्प बसायचे. कधी दहा सेकंद, कधी चार मिनिटं. पडद्यावर प्रश्न आला.

"अब्बा, आता काय करताय?"

"काय नाही. बसलोय."

तिने 'हो' दाबलं. पुन्हा तसंच झालं, पुन्हा तिने विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. अकरा वेळा विचारलं, अकरा वेळा ते काही नाही, बसलोय म्हणाले, आणि त्यानंतर यंत्राने विचारायचं सोडून दिलं.

तिला यात नवल वाटलं नाही हेही सांगायला हवं. हे बसणं तिच्या जुन्या ओळखीचं होतं, आणि जुन्या रागातलंही. सहावीत तिला विज्ञानाच्या प्रयोगाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. अब्बा येणार म्हणून तिने शेजारची खुर्ची दोन तास अडवून ठेवली. ती ढाल घेऊन घरी आली तेव्हा ते घोडीवर बोट टेकवून बसले होते. गेला का नाहीत, काय करताय, असं अम्मीने विचारलं. काय नाही, बसलोय. त्या उत्तराचा सल तस्नीमच्या मनात तीस वर्षं होता. ती मोठी झाली, समजूतदार झाली, पण काहीच न करणाऱ्या माणसाला यायला काय झालं होतं, हे काही तिला कधी कळलं नाही.

नोंद संपल्यावर तिने पान भरायला घेतलं. 'सारख्या हालचाली एकदाच ठेवा' हा पर्याय तिने बंद केला. यंत्राला कानसेचे सगळे हात सारखे वाटतील, पण ते सारखे नाहीत, एवढं मिस्त्रीची मुलगी म्हणून तिला ठाऊक होतं, आणि हे आपल्या लक्षात आलं याचं तिला कौतुकही वाटलं. मग खालच्या ओळीवर येऊन तिने विचारलं, "मधला रिकामा वेळ वगळू ना?"

मिस्त्री उभ्या आयुष्यात कोणाची जागा अडवून बसले नव्हते. बसमध्येसुद्धा ते कडेला टेकल्यासारखे बसत. ते म्हणाले, "वगळ की. उगं कशाला जागा अडवायची."

मोठा झटका पुढच्या वैशाखात आला, सकाळी चहा पिताना. बशी कलंडली तेव्हाच तस्नीमने ओळखलं, आणि वीस मिनिटांत ते रुग्णालयात होते. मिरजेत राहण्याचा हा एक फायदा. जीव वाचला. बोलणं आठवड्यात परत आलं, पायही आला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. मिस्त्री त्याच्याकडे बघायचे आणि नजर दुसरीकडे वळवायचे.

दीड महिन्याने बाही चढवली. पहिल्या दिवशी तर्जनी हलली. तिसऱ्या दिवशी मूठ मिटली. पाचव्या आठवड्यात ते पेला उचलून पाणी प्यायले, आणि तो परत ठेवताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली. तस्नीमने हे दृश्य अकराशे नाही तरी चारशे वेळा पाहिलं असेल. तरी ती बाहेर जाऊन जिन्यात रडली, आणि रडून झाल्यावर तिला फार छान वाटलं. आपण ही नोकरी धरली ते सार्थकी लागलं असं तिला त्या दिवशी वाटलं.

चौथ्या महिन्यात मिस्त्री म्हणाले, कामाला बसतो. धारवाडच्या वैजयंती मुजुमदारांचा तंबोरा येऊन पडला होता. तीस वर्षं त्या दुसऱ्या कोणाला आपल्या तंबोऱ्याला हात लावू देत नव्हत्या, आणि मिस्त्री आजारी आहेत कळल्यावर त्यांनी निरोप धाडला होता की माझी घाई नाही. मिस्त्रींनी चटई घातली, बाही चढवली, कानस घेतली आणि खांदा पुढे केला.

हात सुरू झाला. तोच हात होता. मनगटाची तीच लय, करंगळी जराशी उचललेली. तस्नीम दारात उभी राहून बघत होती आणि तिचा ऊर भरून आला होता. दोन हात झाले, तीन झाले. मिस्त्री तार घोडीवर आणायला डावा हात पुढे करणार, तोवर उजव्याने चौथा हात मारला होता. पाचवा, सहावा. ते "थांब, थांब" म्हणू लागले, आपल्याच हाताला. त्यांनी खांदा मागे घेऊन बाही थांबवली तोपर्यंत कानसेचे पंधरा हात बसले होते. तार लावून त्यांनी छेडली. डब्यावर टिचकी मारावी तसा बद्द आवाज आला.

त्यांनी बाही उतरवली, घडी घातली आणि तस्नीमच्या हातात दिली.

"ह्यो माझा हात न्हवं बेटा. दुसऱ्या कुणाचा असेल."

ती म्हणाली, अब्बा, फाइल तुमचीच आहे, मी तीनदा तपासलीय. त्यांनी वाद घातला नाही. जेवण, दाढी, नमाज, सगळ्याला हात पुरेसा होता. फक्त कामाच्या खोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून ते ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्यावरची माणसं बघत बसू लागले. हे मात्र खरंखुरं रिकामं बसणं होतं. बघता बघता त्यांची पाठ वाकली. निमकरबाईंनी सांगितलं की हाताने ओळखीचं काम सोडलं, तर मेंदूने काढलेली नवी वाट अर्ध्यात बुजते. म्हणजे प्रश्न एका तंबोऱ्याचा राहिला नव्हता. दारामागची खोली उघडली नाही तर अब्बा हळूहळू पेला उचलण्याच्याही मागे जातील, हे तस्नीमला दिसत होतं.

तिने फाइल चौथ्यांदा तपासली. पुण्याची प्रत काढली, घरच्या डबीतली काढली. तिन्हींत अक्षराचा फरक नव्हता. सगळं व्यवस्थित होतं, आणि तिला कपाळाला हात लावून बसायची वेळ आली.

उलगडा केला तो आक्काताई चौगुल्यांनी. मालगावच्या या बाई पासष्टीच्या, त्यांचाही उजवा हात गेला होता आणि बाहीने परत आला होता. रुग्णालयात सरावासाठी एक स्वयंपाकघर होतं. तिथं त्या भाकरी थापत होत्या. चांगली गोल थापली, आणि मधोमध भोक पडलं. त्यांनी पीठ परत मळलं, परत थापलं, परत भोक.

"हात लई घाई करतोय बाई," त्या तस्नीमला म्हणाल्या. "मी थापता थापता जरा थांबायची. कुठं जाड राहिलीय, बोटानं बघायची. ह्यो थांबतच न्हाई. माझाच हात हाय, पर दम न्हाई त्याला."

तस्नीम म्हणाली, हो का, आणि वहीत लिहून घ्यायला पेन काढलं. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. मग आक्काताईंना तसंच सोडून ती जवळजवळ धावत आपल्या खोलीत गेली.

फाइलीच्या माथ्यावर दोन आकडे असतात. नोंद किती तासांची घेतली आणि ठेवली किती तासांची. तिने ते आजवर हजारदा पाहिले होते, आणि दुसरा आकडा लहान दिसला की तिला बरं वाटायचं. मिस्त्रींच्या फाइलीवर लिहिलं होतं, घेतली एकशे अडतीस तास, ठेवली पंधरा. म्हणजे एकशे तेवीस तास तिने स्वतः, 'हो' दाबून, वगळले होते. अब्बांचं घोडीवर टेकलेलं बोट त्या एकशे तेवीस तासांत होतं. तेव्हा त्या बोटात यंत्राने मोजावा असा ताण नव्हता. जे काही चाललं होतं ते बोटाच्या कातडीत, कानात आणि डोक्यात चाललं होतं, आणि हाताला तेवढा वेळ थांबून राहण्याचा हुकूम होता. थांब हाही हुकूमच असतो. तो फाइलीत उतरला नव्हता. तीन ठिकाणी जपून ठेवलेल्या तीन प्रतींत तो एकसारखा गायब होता.

अकराशे माणसं. त्यातल्या कित्येकांनी हात परका वाटतो अशी तक्रार केली होती, आणि हिने दर वेळी सवय होईल म्हणून समजूत घातली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी ओसरीवर ती अब्बांच्या पायाशी पायरीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे म्हणाली. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक तुझी न्हाई. मीच सांगितलं की, बसलोय म्हणून."

"पण तुम्ही ऐकत होता ना अब्बा. मग ऐकतोय म्हणायचं."

तेव्हा त्यांनी तिला ते सांगितलं, जे तिच्या जन्मापासून घरात होतं आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं. जवारी काढायला बसलं की ती पुरी होईपर्यंत तिच्याबद्दल बोलायचं नाही, ही त्यांच्या घराची रीत. कोणी विचारलंच तर काही नाही म्हणायचं. त्यांच्या वडिलांनी शिकवताना पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. आता थोडी उरली, आता कडेला बारीक झाली, असं तोंडाने म्हटलं की कान ते शब्द धरून बसतो आणि तारेचं ऐकायचं सोडतो. गिऱ्हाईक विचारो, बायको विचारो, उत्तर एकच. मिस्त्रींना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की लेक कामासाठी विचारतेय, यंत्राला शिकवायला विचारतेय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तस्नीमला हसू आलं आणि रडूही. मग तिने तीस वर्षांपूर्वीच्या बक्षिसाचं काढलं. आपण ते काढू असं तिला वाटलं नव्हतं, पण निघालं.

मिस्त्री म्हणाले, "ढाल होती. निळ्या मखमलीवर पितळी पत्रा. मला आठवतंय की."

"मग आला नाहीत."

"घोडी अर्धी राहिली होती, बेटा. आत्ता निघतो, आत्ता निघतो, करत राहिलो. मला वाटलं धा मिन्टं झाली असतील. चुकलंच ते. रीत होती म्हणून तुला सांगितलं न्हाई, पण नंतर तरी सांगायला पायजे होतं."

तिने त्यांच्या उजव्या हातावर हात ठेवला. तो गार होता, आणि त्याने तिची बोटं हळूच दाबली, बाहीशिवाय.

दुसऱ्या दिवशी निमकरबाईंनी आधी तिला वेड्यात काढलं. वगळलेलं परत कुठून आणणार, नाही ते नाही. तस्नीम म्हणाली, थांबण्यात काय होतं ते गेलं, पण थांबणं किती होतं ते आहे. कानसेच्या प्रत्येक हातासोबत घड्याळाची वेळ नोंदलेली होती. दोन हातांमधली वजाबाकी केली की मधली विश्रांती निघत होती. दहा सेकंद, बेचाळीस सेकंद, तीन मिनिटं पाच सेकंद. तिने तेवीस दिवसांच्या वजाबाक्या करून त्या फाइलीत परत घातल्या. निमकरबाईंनी दोन आठवडे दिले. म्हणाल्या, आधी वडिलांवर बघ, मग आक्काताईंवर, मग माझ्याकडे ये.

मिस्त्रींनी कामाच्या खोलीचं दार उघडलं ते नाइलाजानेच. त्यांनी वैजयंतीबाईंच्या तंबोऱ्याला नवी शिसवी घोडी बसवली आणि बाही चढवली. हाताने तीन वेळा घासलं आणि तो थांबला. खरोखर थांबला. मिस्त्रींनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. डाव्या हाताने घाईघाईने तार घोडीवर आणली, छेडली, आणि इतक्यात उजवा पुन्हा सुटला. मग पुढच्या खेपेला मिस्त्रींचं ऐकून झालं होतं तरी हात आपला दोन मिनिटं ढिम्म.

त्यांनी खांदा मागे घेतला. तस्नीमचा चेहरा पडला. पण मिस्त्री नाराज दिसत नव्हते. कित्येक महिन्यांनी त्यांच्या कपाळावर कामाची आठी आली होती.

"हे थांबणं त्या घोडीचं हाय. त्या घोडीला तेवढं लागलं. ही घोडी निराळी, हिला किती लागंल ते हिलाच इचारायला पायजे."

"कोण विचारणार?"

"मी हाय की अजून. कानाला कुठं काय झालंय माझ्या?"

आणि तस्नीमला ते सेटिंग्जचं पान दिसलं. आजवरच्या सगळ्या सेटिंग्जमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की माणूस गेला आणि फाइल राहिली. इथं तर माणूस समोर बसला होता. कानसेचा हात फाइलीने द्यावा, थांबणं माणसाने द्यावं. तिने आठवडाभर खपून नवी ओळ घातली. प्रत्येक हालचालीनंतर बाही थांबणार, आणि डाव्या अंगठ्याखालचं बटण दाबल्याशिवाय पुढे सरकणार नाही. निमकरबाईंनी सुरक्षिततेच्या चाचण्या करून घेतल्या आणि सही केली.

आक्काताईंनी पहिल्या दिवशी बटण इतक्या वेळा दाबलं की बोट दुखलं म्हणाल्या. चौथ्या दिवशी त्यांनी भोक नसलेली भाकरी तस्नीमला कागदात बांधून दिली. जरा जाड होती, पण अखंड होती.

मिस्त्रींची अडचण वेगळी होती. डावा अंगठा बटणावर अडकला की तार छेडायला आणि तारेखालचा धागा सरकवायला हात उरत नव्हता. शनिवारी दुपारी त्यांनी तस्नीमला समोर चटईवर बसवलं, जिथं गवई बसतात तिथं. खिडकीतून गल्लीतल्या रंध्याचा आवाज येत होता. त्यांनी सांगितलं, मी मान हलवली की तार छेडायची, आणि धागा अगदी सावकाश, मुंगी चालते तेवढा, आपल्याकडे ओढायचा. बोट घोडीच्या कडेला टेकवून ठेवायचं.

"कुठं थांबायचं?"

मिस्त्री नुसते हसले. जवारी अजून पुरी झाली नव्हती. ते बोलणार नव्हते.

मिस्त्रींनी अंगठा दोनदा दाबला, हाताने दोनदा घासलं आणि तो थांबला. तस्नीमने तार घोडीवर आणली, छेडली, धागा ओढला. आवाज बंद, कोंडलेला. मिस्त्रींनी अंगठा दाबला, हात एकदाच फिरला. पुन्हा तार, पुन्हा धागा. असं किती वेळ चाललं ते तिने मोजलं नाही. सुरुवातीला तिला नुसती तार ऐकू येत होती. मग टेकलेल्या बोटात काहीतरी जाणवायला लागलं, तारेच्या आवाजाच्या खाली एक वेगळी थरथर, येते येते आणि निसटते. ती धागा केसभर पुढे नेई आणि ती थरथर जराशी मोठी होई. समोर अब्बांचे डोळे मिटलेले होते, अंगठा बटणावर तसाच, आणि उजवा हात कानस घेऊन शांत बसून होता, कोणाची घाई नसलेला.

फोन वाजला. निमकरबाई होत्या. तस्नीमने डाव्या हाताने तो उचलून कान आणि खांद्यामध्ये धरला, उजवं बोट घोडीवरून न उचलता. बाई उत्साहात होत्या. समितीने मान्य केलं होतं. यापुढे कोणाच्याच नोंदीत रिकामा वेळ आपोआप वगळला जाणार नाही, जागा आठपट लागली तरी चालेल, आणि जुन्या अकराशे फाइलींत वजाबाकी करून विश्रांती परत घालायची, शिवाय ज्यांच्या हातावर आता बाही आहे त्या सगळ्यांना बटण द्यायचं. सोमवारी सगळ्यांसमोर तू सांगायचं आहेस, त्या म्हणाल्या. इकडून उत्तर येईना तेव्हा त्यांनी विचारलं, "ऐकते आहेस ना? काय करते आहेस तू?"

तिने डाव्या हाताने धागा आणखी एक केस सरकवला, तार छेडली, आणि ती उमलली. दहा बाय बाराची खोली त्या नादाने भरून गेली. तिच्या बोटापासून कोपरापर्यंत तो चढला. मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत, बटणही दाबलं नाही. त्यांनी फक्त मान किंचित कलती केली, अजून एकदा, आणि तस्नीमने पुन्हा तार छेडली.

"काही नाही," ती फोनमध्ये हळूच म्हणाली. "बसलेय."